पाणी मुरत होतं ते भलतीकडेच

सिलिकॉनची नळी घेऊन कोणी तुमच्या बोटीवर चढायला लागला, तर त्याला शिडीवरच थांबवा आणि एकच विचारा, "पाणी शिरतंय कुठून, ते सापडलं का?" उत्तरादाखल "आधी लावून तर बघू" आलं, की त्याला खाली उतरवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पैसे मोजून शिकले, ते इथे फुकट सांगते.

आमची २६ फुटी शिडाची बोट पावसाळ्यात अलिबागच्या बाजूला, खाडीकाठच्या एका यार्डात ठोकळ्यांवर उभी असायची. जमिनीवरच्या बोटीत समुद्र शिरत नाही. आत येईल ते पाणी वरून आलेलं, पावसाचं. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. त्या पाण्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं तरी पुरे. तरीही यार्डवाल्या ठेकेदाराचं पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, बोट आहे. पाणी येणारच."

थेंब पडायचे डाव्या बंकवर, खिडकीच्या वरच्या कडेतून. म्हणून त्याने खिडकीला सिलिकॉन फासलं. मोठी सर आली, गादी पुन्हा भिजली. त्याने आणखी फासलं. पुन्हा भिजली. मग त्याने तर्क बदलला. हे पाणी पावसाचं नाहीच, केबिन बंद असते म्हणून आत घाम धरतोय. आणि हे त्याने मला नाही, माझ्या भावाला फोन करून सांगितलं. बोट दोघांच्या नावावर आहे, पण यार्डाचा सगळा व्यवहार मी बघते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी फोन दादाला. "ताईंना जरा समजवा, पावसाळ्यात दमट व्हायचंच." दादा बोटीवर शेवटचा कधी चढला होता, हे दादालाही सांगता आलं नसतं.

घाम आणि गळती यांतला फरक ओळखणं अवघड नाही. घाम धरला तर तो सगळीकडे धरतो. काचेवर, बोल्टांच्या उघड्या टोकांवर, हॅचच्या धातूच्या चौकटीवर. गळतीला वाट असते आणि त्या वाटेवर डाग असतो. आमच्या बंकवरचं पाणी तर कोऱ्या चहासारखं तांबूस होतं. ज्याला बोटींची दुरुस्ती जमते म्हणतो, त्याने तो रंग बघूनच पुढचं ओळखायला हवं होतं. फायबरग्लासचं डेक बहुतेकदा सँडविच असतं. वर-खाली फायबरचे पापुद्रे आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड. पाणी तांबूस आलं, म्हणजे ते त्या लाकडातून फिरून आलं. खिडकीतून थेट आलेलं पाणी असा रंग धरत नाही.

शेवटी जुलैच्या एका उघडीपीत मीच चाचणी करायचं ठरवलं आणि ठेकेदाराला मुद्दाम समोर उभं केलं. इलेक्ट्रिशियन धूळ उडवायला वापरतात तसला ब्लोअर आणला. पुढच्या हॅचवर प्लायवुडचा तुकडा बसवून त्याच्या भोकातून आत हवा सोडली. बाकीचे व्हेंट, सिंकचं ड्रेन, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद. आत दाब वाढला की हवा त्याच फटींतून बाहेर पडते, जिथून पाणी आत येतं. मग भांड्यांच्या साबणाचं पाणी डेकवर ब्रशने लावत गेले. सुरुवात त्याच्या लाडक्या खिडकीपासून. एक बुडबुडा नाही. वरची हँडरेल, काही नाही. केबिनच्या छपरावर सोलर पॅनलच्या मागच्या ब्रॅकेटपाशी ब्रश टेकवला आणि स्क्रूच्या डोक्याभोवती फेस उठला. पुसला, पुन्हा उठला. शेजारच्या स्क्रूपाशीही तेच.

ते पॅनल आदल्या मोसमात याच यार्डाने बसवलं होतं. सेल्फ-टॅपिंग स्क्रू थेट डेकमध्ये पिळलेले, आत बाल्सा उघडा, सीलंट नावालाही नाही. तिथून पाणी लाकडात शिरत होतं, छताच्या आतल्या अस्तरामागून उतारावर सरकत होतं आणि खिडकीच्या चौकटीशी अडून तिथून टपकत होतं. मी ठेकेदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते काम आमच्या दुसऱ्या पोराने केलं होतं." थोड्या वेळाने, "पॅनल तुम्हीच मागितलं होतं ना?" आणि यार्डातून निघताना, "मी तर आधीच म्हणत होतो, वरून येतंय." या तिसऱ्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

आता ज्यांच्या बोटीत गळती आहे त्यांच्यासाठी.

टपकतं तिथे भोक असेलच असं नाही, आणि असलं तर ते तुमचं नशीब. आतलं अस्तर सोडवून पाण्याची वाट मागे, वरच्या दिशेने शोधत जा. ब्लोअर नसेल तर पाइपने साधं पाणी सोडा, पण खालून वर जा आणि एका वेळी एकच जागा घ्या. प्रत्येक जागेवर दहा-पंधरा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे पोचतो आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका. चांगली जागाही फोडून ठेवाल.

संशयित जागा ठरलेल्या असतात: स्टँचिअनचे (कडेच्या कठड्याच्या खांबांचे) पाय, हँडरेल, हॅचचं रबर आणि चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्यांना जोडतात त्या पट्ट्या. चेनप्लेटची गळती सगळ्यात आधी बघा. डेकच्या जाडीत साठलेल्या पाण्यात स्टेनलेस स्टील लपूनछपून गंजतं, आणि पट्टी तुटली तर डोलकाठी आडवी होते. डोलकाठी डेकमधून खाली कीलपर्यंत जात असेल, तर तिच्या पोकळीतून पाऊस बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, उतरणारच. त्यावर सीलंटचा उपाय नाही.

डेक ठोकून ऐका. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हळूहळू ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर खाली लाकूड ओलं किंवा कुजलेलं. आमच्याकडे ब्रॅकेटभोवती दीड फुटाचा पट्टा बद्द वाजला. ठेकेदार म्हणाला, भोकं पाडून इपॉक्सी ओतू. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. दुसऱ्या कारागिराने ऑक्टोबरच्या उन्हात वरचा पापुद्रा कापला, काळा पडलेला बाल्सा हाताने उपसून काढला, नवा भरला आणि वर फायबर चढवलं. ही कामं पावसात करून घेऊ नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा हात नीट बसत नाही. तोवर भोकावर चांगली चिकटपट्टी पुरते.

डेकमध्ये नवं भोक पाडायचंच असेल तर आधी हवं त्यापेक्षा मोठं पाडा, कडेचा बाल्सा थोडा कोरून काढा, जाड केलेल्या इपॉक्सीने ते भरा आणि सुकल्यावर त्यातून बोल्टचं भोक पाडा. मग पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. भोकाची वरची कड थोडी तिरकी घासा, ब्यूटाइल टेप लावा, बोल्ट स्थिर धरून खालून फक्त नट आवळा, आणि काही दिवसांनी पुन्हा थोडा आवळा.

साधं सिलिकॉन डेकवर नकोच. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर रंग काय, दुसरं सीलंटही धरत नाही. आमच्या खिडक्यांभोवतीचं ते खरवडण्यात माझ्या सुट्ट्या गेल्या, आणि खिडक्या तर गळतही नव्हत्या. पॉलियुरेथेन डेकच्या सामानाला चांगलं, पण अॅक्रिलिकच्या खिडकीला ते लावू नका.

बोट ठोकळ्यांवर चढवताना स्वतः हजर राहा. नाक खाली ठेवलं तर कॉकपिटचं ड्रेन उंचावर जातं आणि पाणी दाराशी तुंबतं. ड्रेनची तोंडं पानांनी भरतात, ती साफ करायला कोणी तरी हवं. ताडपत्री डेकला चिकटवून बांधू नका. बांबूचा सांगाडा करा, खालून वारा खेळू द्या. फोटो काढा, बिलं जपा, दुसऱ्याचं मत घ्या, हे तर सगळेच सांगतात.

आणि कामाच्या कागदावर फक्त "गळती बंद करणे" लिहून घेऊ नका. गळतीचं मूळ शोधणे, ते दाखवणे, दुरुस्ती, आणि मालकासमोर पाणी मारून चाचणी, अशा चार ओळी लिहून घ्या. आमच्या बिलात दर वेळी "खिडक्या सील करणे" एवढंच होतं आणि खिडक्या खरोखरच सील झालेल्या असल्यामुळे पैसे परत मागायला जागा उरली नाही. आता यार्ड बदललंय. तिथला मिस्त्री सुरुवातीला म्हणाला, चाचणी कशाला, पाऊस पडला की कळेलच. मी म्हटलं, मग पैसेही पाऊस पडल्यावरच देते. त्याने निमूटपणे पाइप जोडला.