शेततळ्याचे अस्तर : निवड आणि बदल

परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या मानवत-पाथरी पट्ट्यातील जमीन खोल व काळी, तर उत्तरेस जिंतूरच्या डोंगराळ भागातील बरीचशी मुरमाड आहे. दोन्हीकडे शेततळ्यातील पाणी निसटते, मात्र कारणे भिन्न आहेत. मुरमातून ते सरळ पाझरते. काळी माती ओली असेपर्यंत पाणी धरते. उन्हाळ्यात ती भेगाळली की पुढील पावसाचे पहिले पाणी त्या भेगांत जाते. म्हणून तळ्यास प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. शेतकरी त्याला नुसता ‘कागद’ म्हणतात. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये सुरू झाली. त्या सुमारास अंथरलेला कागद आता जुना झाला असून, तो बदलावा की डागडुजी करून चालवावा, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आहे.

पाणी घटले म्हणजे कागद फाटला, असे लगेच मानू नये. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाकाठी 8 मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. तीस मीटर लांब-रुंद तळ्यात याचा अर्थ रोज सुमारे 7,200 लिटर असा होतो. कोणताही कागद हे थांबवू शकत नाही. खात्री करण्यासाठी पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या कडेला पाण्यातच टेकवून ठेवावी व चार-पाच दिवस बादलीतील आणि तळ्यातील घट मोजावी. दोन्ही सारख्या असतील तर गळती नाही. तळ्याची घट अधिक असेल, तर पाणी ज्या पातळीवर येऊन स्थिरावते त्याच रेषेत भोक शोधावे.

एखाद-दुसरे भोक असेल तर नवा कागद घेण्याचे कारण नाही. मात्र हे प्लॅस्टिक डिंकाने किंवा टायरच्या सोल्यूशनने टिकाऊ चिकटत नाही. उष्ण हवेच्या यंत्राने ठिगळ वितळवून जोडावे लागते. पाण्याच्या रेषेवरील, सतत उन्हात राहणारा भाग प्रथम निकामी होतो. तेथील पट्टी कापून घडी घालून पाहावी. घडीवर तडा गेला, तर त्यावर लावलेले ठिगळही फार दिवस टिकणार नाही, आणि मग बदल करणेच शहाणपणाचे.

नव्या कागदाचे माप जुन्या पावतीवरून देऊ नये. गाळाने व ढासळण्याने तळ्याचा आकार बदललेला असतो. वर 30 मीटर, खोली 3 मीटर आणि एकास एक उतार असेल, तर तळ 24 मीटरचा राहतो व प्रत्येक उतार सुमारे 4.25 मीटर भरतो. म्हणजे आरपार माप साडेबत्तीस मीटर. काठावरील चरात गाडण्यासाठी प्रत्येक बाजूस 1 मीटर धरल्यास साडेचौतीस मीटरचा चौरस, म्हणजे सुमारे 1,190 चौरस मीटर कागद लागतो. अशा तळ्यात 22 लाख लिटर पाणी मावते.

जाडी सामान्यतः 500 मायक्रॉन घ्यावी. ती खरी आहे काय, हे सोनाराच्या काट्यावर कळते : दहा सेंटिमीटर लांब-रुंद एकसंध तुकडा पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे; तीन ग्रॅमच भरला तर जाडी तीनशेच्या घरातली समजावी. विणलेल्या थरांच्या कागदासाठी आय. एस. 15351 हे भारतीय मानक आहे. पावतीवर त्याचा उल्लेख मागून घ्यावा.

खरी चूक पुढे होते. जुना कागद कशाने फाटला ते न पाहताच नवा त्यावर पसरला जातो. पऱ्हाटी-तुरीची खुंटे, टोकदार दगड, उंदरांची बिळे ही कारणे डोळ्यांना दिसतात. लव्हाळा मात्र दिसत नाही. त्याचा कोंब प्लॅस्टिक खालून भेदून वर येतो. गाठींसह तो खणून काढावा, उतार धुमसावा आणि चाळलेल्या मातीचा थर द्यावा. काळ्या मातीचा उभा काठ घसरतो. तेथे उतार दीडास एक ठेवणे बरे. कागद भर दुपारी ताणून बांधू नये. तापमान तीस अंशांनी उतरले की साडेचौतीस मीटरचा कागद पंधरा-वीस सेंटिमीटर आखडतो व जोडांवर ताण येतो. सकाळी, थोडी ढील ठेवून काम करावे. पावसाळ्यात तळे रिकामे करू नये. खालून येणारे भूजल कागद फुग्यासारखा उचलते.

एक गोष्ट अंदाजपत्रकात बहुधा नसते. अस्तराचा उतार ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. पाणी पाहायला गेलेली मुले आणि त्यांना काढायला उतरलेली माणसे अशीच बुडतात. तारेचे कुंपण आणि कुलूप असलेले फाटक हवेच. शिवाय चारही बाजूंस गाठी मारलेला जाड दोर काठावरील खुंटाला बांधून पाण्यात तळापर्यंत सोडावा आणि हवा भरलेली एक ट्यूब तरंगत ठेवावी. कागद बदलताना खुंट पुरणे सोपे जाते. शिक्षकांनी शाळेच्या वाटेवरील तळ्यांची, आणि ग्रामपंचायतीने गावातील सर्व तळ्यांची यादी करून हे दोर प्रत्यक्ष पाहावेत. दोर उन्हाने कुजतो. दरवर्षी मे महिन्यात तो ओढून पाहावा आणि कच्चा वाटल्यास बदलावा.