सापाच्या पेटीचे तापमान किती?

हिवाळ्यातल्या सकाळी शेताच्या बांधावर ऊन खात पडलेला साप तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ऊन चढले की तोच साप सावलीत किंवा बिळात शिरतो. ही ये-जा म्हणजेच त्याची शरीराचे तापमान राखण्याची युक्ती!

आपले शरीर अन्नापासून उष्णता निर्माण करते आणि आपले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस राखते. सापाला हे साधत नाही. म्हणून त्याला ‘थंड रक्ताचा’ म्हणतात. पण हे नाव फसवे आहे. उन्हात पडलेल्या सापाचे रक्त चांगलेच उबदार असते. मात्र ही ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते.

आता असा प्राणी पेटीत कोंडला तर? अमेरिकेत आणि युरोपात ‘कॉर्न स्नेक’ नावाचा बिनविषारी साप पुष्कळ लोक पाळतात. तो मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या धामणीच्याच कुळातला. नवशिका माणूस विचारतो, “पेटीचे तापमान किती ठेवू?” येथेच चूक होते. सापाला एक तापमान नको असते. त्याला निवड हवी असते. म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ३० अंश आणि दुसरे सुमारे २४ अंश ठेवतात. दोन्ही टोकांना लपायला जागा देतात. एकाच टोकाला आडोसा असेल, तर भित्रा साप ऊब सोडून आडोशालाच बसून राहतो.

पेटी सतत थंड राहिली, तर गिळलेल्या उंदरावर पाचकरसांची क्रिया मंदावते. अन्न पोटात कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. उलट, सगळीच पेटी तापली तर त्याला पळायला जागा उरत नाही. तळाशी ठेवलेली विजेची गादी फार तापली, तरी साप वेळीच बाजूला होईलच असे नाही. त्याचे पोट भाजते.

यावर उपाय म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजेच तापस्थापी. घरच्या विजेच्या इस्त्रीतही तो असतो. इस्त्रीत दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि प्रवाह खंडित होतो. सापाच्या पेटीत हे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक संवेदक करतो. तो उबदार टोकाच्या तळाशीच बसवावा लागतो. काचेवर चिकटवलेला तापमापक काचेचे तापमान सांगेल, सापाच्या पोटाखालचे नव्हे!

आपल्याकडचे साप पकडणे व पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा साप दुरूनच पाहा. प्रयोग मात्र सापाशिवायही करता येईल.

करून पाहा : पत्र्याच्या लांबट ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरा. ट्रे अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवा. प्रयोगशाळेतले तीन तापमापक दोन टोकांना व मध्यभागी सारख्याच खोलीवर खोचा. दर १० मिनिटांनी नोंद घेऊन आलेख काढा. सावली सरकली की आकडे कसे बदलतात? मोकळा साप अशा वेळी काय करील? आणि पेटीतला साप?