शनवार तेल्यांचा शब्बाथ
वाचावयाचे उतारे: अनुवाद ६:४–९, लेवीय १९:१–१४, ३३–३६

पहिला उतारा वाचतांना एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. देवावर सर्व मनानें प्रीति करण्याची आज्ञा सांगून मोशे लागलाच घर, वाट, निजणें, उठणें व दाराची चौकट ह्यांकडे वळतो. मंदिराचें नांव तेथें नाहीं. ही आज्ञा मराठी बोलणाऱ्या एका लोकसमाजानें कशी जतन केली, ह्याचा दाखला आपल्या कोंकणांत आहे.

बेने इस्राएल लोकांची परंपरागत समजूत अशी कीं, त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगांव येथें (आपलें नवेगांव बांध नव्हे) किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचलीं. बाकी सर्व समुद्रांत गेलें. हें केव्हां घडलें ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. त्यांचे वंशज गांवोगांवीं पसरले, घाणा चालवूं लागले, आणि किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर झाले. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. गरीब तेल्यानें सातांपैकीं एका दिवसाची मिळकत पिढ्यान्‌पिढ्या सोडावी, ह्याची किंमत रोजमजुरीवर जगणाऱ्यास सांगावयास नको.

इब्री भाषा ते विसरले होते. तरी सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे कांहीं नियम आणि अनुवादांतील ‘शमा’ ही कबुली टिकली. जन्म असो, लग्न असो, मरण असो, ते तीच म्हणत. त्यांचें पहिलें सभास्थान मुंबईंत सामुएल इझिकेल दिवेकर ह्यांनीं १७९६ सालीं बांधिलें. पुढें मिशनरींनींही त्यांस इब्री शिकविलें, डॉ. जॉन विल्सन ह्यांचें मराठींतील इब्री व्याकरण १८३२ सालचें आहे. त्यांतून ख्रिस्ती फार थोडे झाले. शिकलेल्या इब्रीचा उपयोग त्यांनीं आपल्याच सभास्थानांत केला, आणि त्याबद्दल त्यांस दोष देण्याचें मला तरी कारण दिसत नाहीं.

यहूदी शिक्षणांत भाकरीसाठीं एक स्तुतिवचन, झाडाच्या फळासाठीं दुसरें, मेघगर्जना व इंद्रधनुष्य ह्यांसाठींही निरनिराळीं आहेत. दिवसाकाठीं शंभर वेळां देवाची स्तुति करावी, अशी ताल्मुदांत शिकवण आहे. अब्राहाम योशुआ हेशेल (१९०७–१९७२) हा पोलंडांत जन्मलेला पंडित शिकवीत असे कीं, नित्याच्या वस्तु पाहून आश्चर्य वाटेनासें झालें म्हणजे भक्तीचा झरा आटूं लागतो. बेने इस्राएलांच्या घरीं हें मलिद्याच्या ताटांत दिसतें: पोहे, गूळ, खोबरें व फळें मांडून एलीया संदेष्ट्याचें स्मरण करून देवाचे उपकार मानितात. पोहे म्हणजे धानच. आपल्या बांधींत पिकतें तेंच.

त्यांचे दोष झांकूं नयेत. शुद्ध वंशाचे ते ‘गोरे’, मिश्र वंशाचे ते ‘काळे’, असा भेद करून त्यांनीं आपल्याच बांधवांस रोटीबेटीपासून दूर ठेविलें. नंतर १९४८ पासून पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं, तेव्हां तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्याच वंशाविषयीं शंका काढिली. १९६४ सालीं चळवळ झाल्यावर तेथील सरकारनें त्यांस सर्व बाबतींत यहूदी मानिलें. लेवीय १९:३४ ही ओवी ह्या दोन्ही गोष्टींशेजारीं ठेवून वाचावी.

त्याच अध्यायांत पवित्र होण्याची आज्ञा झाली, आणि थोड्याच ओळींत शेताचा कांठ आला. धुऱ्याकडील धान पार कापूं नये, पडलेल्या लोंब्या वेचूं नयेत, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवूं नये, माप खोटें असूं नये. शिक्षकानें येथें घाई करूं नये. जेथें यंत्रानें कापणी होते तेथें सरवा कोणाचा, हें वर्गांत विचारावें. आणि धान देतांनाची पायली व घेतांनाची पायली एकच असते काय, हेंही.