भट्टींतील रंग

आमच्या परभणी जिल्ह्यांतील कुंभाराचा आवा बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलेला असेल. येथील काळी माती भिजली कीं फुगते आणि वाळतांना भेगाळते. म्हणून कुंभार तींत राख, वाळू किंवा लीद मिसळतो. असें मडकें सच्छिद्र राहतें व पाणी थंड ठेवतें. परंतु त्यावर चित्र काढून तें टिकवावयाचें, तर निराळी विद्या लागते.

मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा सन १८५७ मध्यें निघाली. तिचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनीं सन १८७० नंतरच्या दशकांत तेथें मातीकाम सुरू केलें आणि सिंधी कुंभारांची झिलईची कला मुंबईस आणिली. पुढें त्यांनीं ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ हा कारखानाही काढिला. तेथील कांहीं भांड्यांवर अजिंठ्याच्या आकृति रंगविल्या जात. अजिंठा त्या काळीं परभणीप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होता. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी सन १८७२ पासून १८८५ पर्यंत तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत होते.

कागदावर चित्रकाराला आपला रंग दिसतो. भांड्यावर तो दिसत नाहीं. कोबाल्टची भुकटी काळसर असते. झिलईंत वितळल्यावरच ती निळी होते. तांबें तर फारच लहरी. शिशाच्या झिलईंत तें हिरवें, क्षारयुक्त झिलईंत फिरोजी, आणि भट्टींत हवा अपुरी पडल्यास लालही होतें! म्हणजे हात चित्रकाराचा असला तरी अर्धें काम भट्टी लावणाराचें, आणि त्याचें नांव भांड्यावर सहसा नसतें. हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

भाजल्यावरही घाई चालत नाहीं. मातींतील गारेचे कण निवतांना ५७३ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास एकाएकीं आकसतात. भट्टी लवकर उघडल्यास भांडें तडकतें. झिलई मातीपेक्षां अधिक आकसली, तर तिच्यावर बारीक चिरांचें जाळें पडतें.

शिशाविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत झिलई लावणारे कित्येक कामगार, त्यांत स्त्रिया व मुलेंही, शिशाच्या विषानें पंगू झाले. चकाकी पाहणारास हें दिसत नाहीं.

सन १८८५ मध्यें लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथें आग लागून ग्रिफिथ्स यांच्या मंडळीनें केलेल्या पुष्कळ नकला जळाल्या. भांड्यांवरील आकृति मात्र आगींतूनच बाहेर पडलेल्या होत्या. त्या कलाशाळेचीं भांडीं आज मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत आहेत.