त्वचेचे पहारेकरी

ठाणे शहराच्या पूर्वेस, आगगाडीच्या रुळांपलीकडे, खाडीच्या काठी कोपरी वसली आहे. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली असली, तरी मीठबंदर हे नाव जुन्या दिवसांची आठवण करून देते. या खाडीकाठच्या आगरी व कोळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाशी सोयरीक केली. उन्हानेच मिठागरात खाऱ्या पाण्याचे मीठ होई आणि उन्हातच जाळी वाळत. सूर्य हा त्यांचा अन्नदाता होता.

याच खाडीकाठी एक वृद्ध तांडेल आमच्या परिचयाचे होते. उन्हाळ्यात चार दिवस लागोपाठ होडीवर काढले, की त्यांच्या खालच्या ओठावर बारीक फोडांचा पुंजका उठत असे. सातवीत शिकणारा त्यांचा नातू एकदा म्हणाला, "आजोबा, तुमच्या अंगात उष्णता फार झाली आहे. सब्जाचे पाणी प्या."

आजोबा हसून म्हणाले, "अरे, खाडीवर तर गार वारा असतो. लोहार दिवसभर भट्टीपुढे बसतो. त्याच्या ओठावर असे फोड मी कधी पाहिले नाहीत. मग मलाच ते का येतात?"

मुलांनो, प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याचे उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांना फार दूरचा प्रवास करावा लागला.

सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग असतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने रुप्याच्या क्षाराने माखलेला कागद या रंगपट्ट्यात धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे तो कागद सर्वांत लवकर काळा पडला. अशा रीतीने अतिनील किरणांचा शोध लागला. हे किरण दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. म्हणूनच गार वाऱ्यात बसलेल्या माणसास ते अंगावर पडत असल्याची वार्ताही नसते. भट्टीच्या आगीत उष्णता पुष्कळ असते. परंतु हे किरण तिच्यातून फारसे निघत नाहीत.

आता त्वचेकडे वळू. त्वचा म्हणजे केवळ अंगावरचे आच्छादन नव्हे. ती गडाची तटबंदी आहे आणि तटबंदीवर पहारेकरीही आहेत. पाउल लांगरहान्स नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्वचेच्या वरच्या थरात फांद्या पसरलेल्या पेशी पाहिल्या. त्यास त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. पुढे शंभरएक वर्षांनी त्यांचे खरे काम उमगले. या लांगरहान्स पेशी बाहेरून आलेल्या जंतूस पकडतात, त्याचा तुकडा घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तेथील सैनिक पेशींना शत्रूची ओळख पटवितात. मग सैन्य चालून जाते.

या पहारेकऱ्यांवर सूर्याचा काय परिणाम होतो? १९७४ मध्ये अमेरिकेतील मार्गारेट क्रिपके या विदुषीने एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. अतिनील किरणांमुळे काही उंदरांच्या कातडीवर गाठी झाल्या होत्या. त्या गाठीचा तुकडा निरोगी उंदराच्या अंगी लावला, तर त्याचे शरीर तो परका म्हणून नष्ट करीत असे. मग ज्या उंदराच्या अंगावर ती गाठ मुळात वाढली, त्याच्या शरीराने तिला का वाढू दिले? पुढील प्रयोगांत उत्तर मिळाले. ज्या उंदरांस आधी अतिनील किरणांत ठेवले होते, त्यांच्या अंगी लावलेली गाठ वाढत गेली. याचा अर्थ, किरणांनी केवळ गाठ निर्माण केली नव्हती. गडाचे सैन्यही निद्रिस्त केले होते.

हे कसे घडते? किरणांमुळे पेशींच्या केंद्रातील डीएनए दुखावतो. त्वचेतील युरोकॅनिक आम्ल नावाच्या द्रव्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते सैन्यास शांत करणारा संदेश देऊ लागते. लांगरहान्स पेशी आपली जागा सोडतात व दुबळ्या होतात. काही पेशी तर सैनिकांना आवरण्याचेच काम करू लागतात. विशेष हे, की कातडी लाल होऊन भाजण्यापूर्वीच हे सारे सुरू होते. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य भाजण्यापासून पुष्कळ रक्षण करते. तथापि या परिणामापासून सावळ्या त्वचेसही पूर्ण अभय नाही.

आता तांडेलांच्या ओठाचे कोडे सुटते. ते फोड हर्पीस नावाच्या विषाणूमुळे येतात. हा विषाणू एकदा शरीरात शिरला, की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो. कडक उन्हाने ओठावरचे पहारेकरी दुबळे झाले, की त्याला डोके वर काढण्यास संधी मिळते.

निसर्गाने अशी योजना का केली असावी? शास्त्रज्ञांस वाटते, की यातही एक शहाणपण आहे. उन्हाने दुखावलेली त्वचा परकी समजून सैन्य तिच्यावरच तुटून पडले असते, तर रोजच्या उन्हातही अंग सुजले असते. याच गुणाचा उपयोग करून डॉक्टर सोरायसिससारख्या त्वचारोगांवर मोजून मापून अतिनील किरण देतात. शिवाय या किरणांमुळेच त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. तेव्हा सूर्य आपला वैरी नव्हे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

हे प्रमाण ओळखण्याची एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्याहून आखूड झाली, की ऊन प्रखर आहे असे समजावे. ठाण्यात मे महिन्याच्या मध्यास दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. अशा वेळी खेळ सावलीत खेळावेत.

नातवाने हे सर्व शाळेत ऐकले आणि घरी येऊन आजोबांना सांगितले, "आजोबा, दुपारी होडी काढू नका."

आजोबा म्हणाले, "बाळ, भरती-ओहोटी माझे घड्याळ पाहून येत नाही."

नातू क्षणभर गप्प झाला. मग तो घरात गेला आणि रुंद काठाची टोपी व लांब बाह्यांचा सदरा घेऊन आला. ज्याला वेळ निवडता येत नाही, त्याला आडोसा तरी मिळाला पाहिजे, हे त्याला कळले होते. आपल्यासाठी उन्हात राबणारे कोळी, शेतकरी, गवंडी आणि रस्त्यावरचे मजूर पाहिले, म्हणजे तुम्हांसही ते कळेल.

स्वाध्याय

१. तांडेलांच्या ओठावर उन्हाळ्यात फोड का येत असत?
२. त्वचेला गडाची तटबंदी का म्हटले आहे?
३. 'सूर्य आपला वैरी नव्हे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा' हे विधान स्पष्ट करा.
४. सकाळी, दुपारी व सायंकाळी आपली सावली मोजा आणि नोंद वहीत लिहा.