मुलांच्या कर्करोगाचा डॉक्टर

राजुऱ्याहून अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचे पत्र आले आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे. ती विचारते, "लहान मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर होणे म्हणजे मरणाऱ्या मुलांजवळ आयुष्यभर बसणे नव्हे का?" मी या जिल्ह्यातला बालरोगतज्ज्ञ. कर्करोग मी बरा करीत नाही. तो ओळखून मुलाला वेळेत पुढे पाठवणे एवढेच माझ्याकडे येते. पण पाठवलेली मुले मोठी होऊन परत भेटतात, म्हणून उत्तर द्यावेसे वाटते.

आधी शिक्षणाचे सांगतो. एमबीबीएस साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रात एमडी तीन वर्षे आणि त्यापुढे बालकर्करोगात डीएम आणखी तीन वर्षे. बारावीनंतर साडेअकरा वर्षे झाली. एमबीबीएसची सोय आता चंद्रपूर व गडचिरोलीतही आहे.

मरणाऱ्या मुलांजवळ बसणे हे एके काळी खरेच होते. मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. औषध तयार झाले होते आपल्या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूच्या प्रयोगशाळेत. पुढे अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टिन मिळाले. (म्हणून कोणी सदाफुलीचा काढा देऊ नये. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच द्यावे लागते. काढ्याने विषबाधा होईल.)

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम केलेले डॉ. सुरेश अडवाणी यांचे. आठव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. अपंग म्हणून वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेला, तो त्यांनी दाद मागून मिळवला. अमेरिकेतील सिएटल येथे शिकून आल्यावर १९८३ साली त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातले ते पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. १९८० च्या दशकात टाटा, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईचे कर्करोग केंद्र यांनी अमेरिकी तज्ज्ञांच्या सहकार्याने रक्ताच्या कर्करोगासाठी एकच ठरलेली उपचारपद्धती वापरली. नाव एमसीपी ८४१. त्याआधी शंभरात वीसही मुले रोगमुक्त राहत नसत. या पद्धतीने चार वर्षांनी ४५ ते ६० राहू लागली. आज चांगल्या केंद्रात हे प्रमाण आणखी वर गेले आहे. टाटातच १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू झाला, डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने. वाढ नीट होते का, हृदय ठीक आहे का, शाळा कशी चालली, हे तिथे वर्षानुवर्षे पाहतात. बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना लागावा, यातच राजुऱ्याच्या मुलीचे अर्धे उत्तर आले.

उरलेले अर्धे आपल्या भागातले आहे. रक्ताचा कर्करोग झालेले मूल फिकट दिसते, ताप येतो-जातो, हाडे दुखतात, पोटात प्लीहा वाढते. आपल्याकडे हीच लक्षणे मलेरियाची आणि सिकलसेलचीही. त्यामुळे चूक सहज होते. पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सिकलचा "वाहक" असलेल्या मुलाचे रक्त केवळ त्या कारणाने असे कमी होत नाही आणि हाडेही दुखत नाहीत. वाहक मूल पांढरेफटक पडले तर कारण दुसरे आहे, ते शोधलेच पाहिजे. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर मार न लागता काळे-निळे डाग, मानेत वा काखेत गाठी, दोन आठवड्यांहून लांबलेला ताप, यांपैकी काही असल्यास रक्ताची संपूर्ण तपासणी करून काचपट्टी जाणकाराकडून पाहून घ्यावी. निदान होईपर्यंत स्टेरॉइडची सुई वा गोळी मुळीच नको. तिने चार दिवस बरे वाटते, रोग मात्र लपतो आणि पुढची तपासणी फसवी ठरते.

पुजाऱ्याकडे गेल्याबद्दल मी कोणाला रागावत नाही. पुजाऱ्याकडे जा, पण त्याच आठवड्यात रक्तही तपासा.

उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने कठीण. केस जातात, तोंड येते. नंतर मूल खेळू लागते, केस परत येतात आणि घरी फक्त गोळ्या उरतात. धोका इथेच असतो. रोवणीचे दिवस येतात, तेंदूचा हंगाम येतो, "पोरगं तर बरं आहे" म्हणून पुढची तारीख चुकते. गोळ्या सोडल्या की रोग उलटतो, आणि उलटलेला रोग आटोक्यात आणणे फार अवघड. म्हणून या डॉक्टरांचा निम्मा वेळ औषधात नव्हे, तर गाडीभाडे, मुक्काम आणि बापाची बुडालेली मजुरी यांचा मेळ घालण्यात जातो. तुला हे काम नकोसे वाटत असेल तर मुली, दुसरी शाखा निवड. हवेसे वाटत असेल तर तुझी फार गरज आहे.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेल्वेत रुग्णाला व सोबत्याला तिकिटात सवलत मिळते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मुंबईला जावे लागल्यास दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते.

उपचार चालू असताना ताप आला तर ती घाईची वेळ समजावी. या मुलांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत जिवावर बेतू शकतो. घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नये. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे. त्या बाजूच्या कुटुंबांनी कठीण औषधांचे महिने पावसाळ्यात पडत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगून आलापल्ली, गडचिरोली किंवा नागपूरला नातेवाइकांकडे राहण्याची सोय करावी. घरात किंवा शाळेत कोणाला कांजिण्या वा गोवर निघाला तर मुलाला काही झाले नसले तरी त्याच दिवशी उपचार करणाऱ्या केंद्राला फोन करावा. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर केंद्राचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा.