बुबुळाचा दाह आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

भाताच्या मळणीत कुसळ उडून डोळ्यात जाते व बुबुळावर ओरखडा उठतो. नुसता ओरखडा बहुधा आपोआप भरून येतो. परंतु कुसळाबरोबर बुरशी अथवा जंतू आत शिरल्यास तेथे व्रण होऊन दृष्टी जाण्याचा धोका असतो.

बुबुळासमोरील पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर ते पारदर्शक राहिलेच नसते. मग जेथे रक्त पोचत नाही, तेथे रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी कशा पोचतात?

यावर एके काळी मोठा वाद होता. पुवातील पेशी जागच्या जागीच उत्पन्न होतात, असे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो मानीत. त्यांचेच शिष्य कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या रक्तात रंगद्रव्य सोडून त्याच्या स्वच्छमंडलास इजा केली. पुढे रंगाचे कण बाळगणाऱ्या पेशी इजेच्या जागी आढळल्या. त्या रक्तातूनच आल्या होत्या, हे उघड झाले.

इजा झालेल्या पेशी रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यासरशी स्वच्छमंडलाच्या कडेच्या रक्तवाहिन्या फुगतात (डोळा लाल होतो तो यामुळेच) व पांढऱ्या पेशी त्यांच्या भिंतींतून बाहेर पडून तंतूंमधून वाट काढीत काही तासांत जखमेपाशी येतात. काही अश्रूंतूनही येतात. त्या जंतूंना गिळतात आणि तीव्र पाचक द्रव्ये सोडतात. दुर्दैवाने या द्रव्यांना आपपर भाव नाही. जंतूंबरोबर स्वच्छमंडलाचे तंतूही विरघळू लागतात. तंतूंची शिस्तबद्ध रचना बिघडली की बरे झाल्यावरही पांढरा डाग उरतो. यालाच खेड्यापाड्यांत डोळ्यात फूल पडणे म्हणतात.

लाली घालविण्यासाठी शेजाऱ्याकडील थेंब घालण्याची सवय फार घातक होय. त्यांत स्टेरॉइड असल्यास पांढऱ्या पेशींचे कार्य दडपले जाते. लाली व वेदना कमी होतात, रोग्यास बरे वाटते आणि आत बुरशी निर्वेधपणे वाढते. नेत्रतज्ज्ञ हे औषध कधी कधी देतात, परंतु ते रोग्यास देखरेखीखाली ठेवून. जंतूंवरील औषध बुरशीवर चालत नाही. म्हणून प्रथम व्रणाचा किंचित अंश खरवडून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.